मोनोचं बटण कोणी दाबलं?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साचतात. प्रसन्नाच्या घरी कॉफीच्या फिल्टरमध्ये पूड घालून वरून गरम पाणी ओततात आणि विसरून जातात. थोड्या वेळानं बघावं, तर खालच्या भांड्यात डिकॉक्शन तयार! त्याच्या स्टुडिओतले किस्से माझ्याकडे असेच साचलेत. आता भांडं भरलंय, तेव्हा तुम्हाला अर्धा अर्धा कप तरी घ्यावाच लागेल.

आधी मंडळी ओळखून घ्या. प्रसन्ना माझ्या टीममध्ये होता. चांगली चालू नोकरी सोडून त्यानं चामराजपेटेतल्या राहत्या घरात, माडीवरच्या खोलीत, रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. अण्णा म्हणजे त्याचे वडील. गणिताचे मास्तर होते, आता रिटायर्ड, आणि गल्लीतल्या गुरुवारच्या भजनाचे सर्वेसर्वा. अम्मा म्हणजे त्याची आई. आणि सुधाअक्का ही अण्णांची धाकटी बहीण. ती राहते आनेकलला, पण गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं.

हे लोक कितीतरी पिढ्यांपूर्वी आपल्याकडून इकडे कानडी मुलखात आले. घरात मराठीच बोलतात, पण थोडं म्हणायचं असेल तर 'स्वल्प' आणि ठीक म्हणायचं असेल तर 'सरी'. हे शब्द कानडी आहेत, असं मी एकदा सांगितलं तर अम्मा म्हणाल्या, "मग मराठीत काय म्हणतात?" मी स्वतः पुण्याची, आता राहते इथंच के. आर. पुरमला, आणि अण्णा मला नावानं हाक न मारता नुसतं 'पुणे' म्हणतात. "काय पुणे, आज स्वल्प उशीर?" नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. शनिवारी प्रसन्नाकडे जाऊन तेच काम मी फुकट करते.

आता मुद्द्याचं. प्रसन्नानं नोकरी सोडली तेव्हा अण्णा रागावले नाहीत आणि खूशही झाले नाहीत. "माडीवरची खोली घे," एवढंच म्हणाले. त्या गल्लीत कोणाचा सूर असो, कोणाचं गणित असो की कोणाच्या मुलीचं स्थळ, अण्णांनी "सरी" म्हटलं की विषय संपला. स्टुडिओबद्दल मात्र त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. म्हणून प्रसन्नानं ठरवलं की सुधाअक्काच्या आवाजात घरातली जुनी भजनं रेकॉर्ड करायची आणि अण्णांपुढे ठेवायची. मला म्हणाला, "जाहिरातींची कामं मिळतील गं कितीही. मला अण्णांचं एक 'सरी' पाहिजे." हे सांगताना त्याचा चेहरा दहावीच्या निकालाला उभा असल्यासारखा झाला होता.

*

ह्या सगळ्याचा हिरो आहे एक डबा! खरं नाव मॉनिटर कंट्रोलर. कंप्युटर आणि स्पीकर यांच्या मधे बसतो. मधोमध मोठा गोल नॉब, भोवती बटणं. आवाज किती मोठा, तो मोठ्या स्पीकरमधून यायचा की छोट्या, हेडफोनमध्ये काय जायचं, सगळं तो ठरवतो. थोडक्यात, आमच्या ऑफिसातला मॅनेजर. स्वतः काही वाजवत नाही, पण सगळं त्याच्यातूनच जावं लागतं. अम्मांनी बघितल्याबरोबर विचारलं, "ह्या डब्यात काय आहे?" तेव्हापासून तो डबाच.

डबा आला त्या रविवारी आम्ही सकाळपासून केबली लावत होतो. सगळं लावून झालं, प्रसन्नानं हात जोडले, गाणं लावलं. शांतता! नॉब फिरवला. शांतता! मी टेस्टर, माझ्या अंगात संचारलं. एकेक केबल काढून तपासली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. शेवटी स्पीकरच खराब म्हणून दोन्ही स्पीकर उचलून खाली हॉलमध्ये नेले आणि टीव्हीला जोडले. टीव्हीवर सिरीयलमधली सून रडत होती. ती अशी काही रडायला लागली की शेजारच्या घरातून बाई डोकावल्या. अम्मा एकदम खूश. "किती छान रडते! इथंच राहू देत हे."

म्हणजे स्पीकर चांगले होते. ते पुन्हा वर आणले. अम्मा दारात हिरमुसून उभ्या. मग माझं लक्ष गेलं, डब्यावर एक लाल दिवा पेटलेला. म्यूट! आवाज बंद करायचं बटण!

"हे कोणी दाबलं?" मी ओरडले.

"मीच," प्रसन्ना म्हणाला. "मॅन्युअलमध्ये पहिल्याच पानावर होतं. केबल लावण्याआधी म्यूट करा."

"आणि नंतर काढा, हे नव्हतं?"

"ते दुसऱ्या पानावर असेल गं. मी पहिलंच पान वाचलं."

*

डब्यावर आणखी एक बटण आहे, टॉकबॅक. गाणारा माणूस बाजूच्या खोलीत असतो. तिथं भिंतींना गाद्या टांगल्यात आणि दार बंद. त्याच्याशी बोलायचं तर हे बटण दाबायचं. डब्यातला छोटा माइक चालू होतो आणि तुमचं बोलणं थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातं. बोलून झालं की बटण बंद करायचं. करायचं, असं म्हणतात!

एकदा, आवाज द्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून, मी आत उदबत्तीची जाहिरात वाचत होते. प्रसन्ना "एक मिनिट" म्हणून खाली कुरियर घ्यायला गेला. बटण तसंच दाबलेलं. तेवढ्यात अम्मा आणि अण्णा कॉफी घेऊन वर आले. त्यांना वाटलं, दार बंद आहे, ही आपल्या कामात आहे.

"मुलगी बरी आहे हो," अम्मांचा आवाज माझ्या कानात. "नाक सरळ आहे."

"नाक सरळ आहे," अण्णा म्हणाले. "जीभ स्वल्प तिखट आहे."

"आपल्या म्हैसूरच्या शामला कशी वाटते?"

अण्णांनी चांगला विचार केला असावा, कारण मधे कॉफीचा एक घोट ऐकू आला. "शाम गरीब आहे बिचारा. त्याला कशाला?"

आता मात्र मला राहवेना. माझा माइक तर चालूच होता! "अम्मा," मी म्हटलं, "शामला विचारा, कॉफी करता येते का. आणि माझी गार होतेय, आत पाठवा!"

स्पीकरमधून माझा आवाज असा काही फुटला की अम्मांच्या हातातला पेला खाली. अण्णा मात्र मास्तर. ते डब्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "पुणे, तू वाच तुझं."

तेव्हापासून अम्मांना माडीवर काही खासगी बोलायचं असलं की त्या आधी डब्यावर पदर टाकतात.

*

मोठ्या स्पीकरवर काय, सगळंच छान वाटतं. म्हणून साध्यासुध्या स्पीकरवरही ऐकून बघायचं असतं. त्यासाठी डब्यावर 'ए' आणि 'बी' अशी बटणं आहेत. प्रसन्नानं काय करावं? 'बी'चा स्पीकर खाली स्वयंपाकघरात नेऊन ठेवला! लांबच लांब वायर खिडकीतून सोडली. "अम्माला पोळ्या करता करता आवडलं तर पास," ही त्याची परीक्षा. कल्पना चांगली होती, नाही कशाला म्हणू?

नवरात्र आलं. खाली हॉलमध्ये इकडच्या रीतीनं बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या, गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आलेल्या. वर मी एका भीतीदायक गोष्टीचं वाचन करत होते. नायिकेला एका घरात कोंडलंय, असा प्रसंग. मी जीव तोडून किंचाळले, "सोडा! मला सोडा हो! मी कोणाला काही सांगणार नाही!" छान झालं म्हणून बाहेर आले, चकली खायला घेतली आणि प्रसन्नाला म्हटलं, ऐकव. त्यानं 'ए'च्या जागी 'बी' दाबलं आणि आम्हाला वर काही ऐकू येईना. त्यानं नॉब पूर्ण फिरवला. तरी काही नाही.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं. पुढे अम्मा, हातात डाव. मागे नऊवारी-पाचवारी सगळी फौज. एकीच्या हातात उसळीची वाटी तशीच. सगळ्यात मागे अण्णा, छत्री उगारून!

"कोण आहे? कोणी कोंडलंय हिला?"

मी चकली खात उभी. प्रसन्नानं सगळं समजावलं, ही गोष्ट आहे, हे बटण आहे, ती वायर आहे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग उसळीवाल्या काकू खालीच बसल्या आणि मला म्हणाल्या, "असं होय! मग सुटली का ती?"

पुढची गोष्ट वाचून दाखवेपर्यंत एक बाई खाली उतरली नाही. कुंकू लावायला अम्मांना करंडा वर आणावा लागला.

*

त्याच नवरात्रातलं आणखी एक. रोज एकाच पातळीवर ऐकलं तर कामाचा अंदाज येतो. आज जोरात ऐकलं आणि उद्या हळू, की सगळं बिघडलंच. प्रसन्नानं बरेच दिवस खपून नॉबची योग्य जागा शोधली आणि तिथं खूण म्हणून अम्मांची एक लाल टिकली चिकटवली. नॉब टिकलीला आणायचा आणि कामाला बसायचं. झकास चाललं होतं.

आयुधपूजेच्या दिवशी अम्मा सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहतात. स्कूटर झाली, मिक्सर झाला, शिवणयंत्र झालं, विळी झाली. मग त्या वर आल्या. आम्ही दुपारी बघतो तर डब्यावर नॉबच्या भोवती गोल टिकल्याच टिकल्या! प्रत्येक बटणाला एक, आणि मधल्या जागेतही, नथीतल्या मोत्यांसारख्या एकीला एक लागून.

"अम्मा!" प्रसन्ना रडायचाच बाकी होता. "माझी टिकली कुठली ह्यातली?"

अम्मा म्हणाल्या, "एकट्यालाच होती. बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

पूजेची टिकली काढायची नाही, हा त्या घरातला नियम. प्रसन्नानं पुन्हा पहिल्यापासून जागा शोधली, पण ह्या वेळी खूण कुठेच केली नाही.

*

पुढचा किस्सा सांगताना मी जरा हळू सांगते.

सुधाअक्काचं पहिलं भजन तयार झालं. प्रसन्नानं ते फार प्रेमानं बसवलं होतं. मधोमध अक्काचा आवाज, डावीकडे तंबोरा, उजवीकडे पेटी. डोळे मिटले की मंडळी समोर बसलीत असं वाटावं. अण्णा ऐकायला यायचे होते म्हणून त्यानं खोली झाडली होती. अण्णाही इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाहेर रिक्षांचा गोंगाट, म्हणून त्यांना हेडफोन दिले. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

भजन संपलं. "सुधा छान," अण्णा म्हणाले. "पेटी छान. तंबोरा कुठाय?"

"डावीकडे आहे ना, अण्णा."

"डावीकडे काही नाही."

मला तर आनंद झाला, चूक सापडली! केबल बदलली. डब्याचं हेडफोनचं दुसरं भोक वापरलं. हेडफोनच बदलले. दर वेळी अण्णा मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "डावीकडे काही नाही." प्रसन्नानं ऐकलं, तंबोरा होता. मी ऐकलं, होता. मग मी हुशारी केली. हेडफोन अण्णांच्या डोक्यावर उलटे घातले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे.

"हां!" अण्णांचा चेहरा उजळला. "आला की तंबोरा!" थोडं थांबून म्हणाले, "पण आता पेटी गेली."

दोष डब्यात नव्हता, केबलमध्ये नव्हता. माझे हात त्या हेडफोनवर तसेच राहिले. त्या क्षणी मला टेस्टर असल्याची लाज वाटली, खरंच सांगते.

अण्णांनाही कळलं. त्यांनी हेडफोन सावकाश काढले, टेबलावर नीट ठेवले. "तुमचा डबा सरी नाही," म्हणाले आणि खाली गेले.

मग एकेक आठवायला लागलं. फोन नेहमी उजव्या कानाला. भजनात नेहमी डाव्या टोकाला बसणार, म्हणजे सगळे उजवीकडे. अम्मा म्हणाल्या, "मी डावीकडून हाक मारली की हे ओ देत नाहीत. मला इतकी वर्षं वाटतंय, रुसलेत."

प्रसन्नानं डॉक्टरचं नाव काढलं मात्र! "माझ्या कानाला डॉक्टर? ह्या कानानं अख्ख्या गल्लीचे सूर धरलेत!" विषय बंद. आणि त्या दिवसापासून अण्णा स्टुडिओत येईनासे झाले. प्रसन्नाचं 'सरी' राहिलं बाजूला. तो एवढंच म्हणाला, "त्यांना अक्काचं गाणं अर्धंच ऐकू येतंय गं."

*

त्यानंतर सुरू झालं मोनोचं प्रकरण. मोनो हे डब्यावरचं बटण. ते दाबलं की डावं-उजवं एकत्र होतं आणि दोन्ही बाजूंना सगळं सारखंच येतं. तपासण्यापुरतं दाबायचं आणि सोडायचं. पण दर शनिवारी मी आले की ते दाबलेलंच! मी अर्धा अर्धा तास काम करायची आणि मग लक्षात यायचं की सगळं एका रांगेत उभं आहे.

"मोनोचं बटण कोणी दाबलं?" मी विचारायची.

"अम्मानं फडका मारला असेल," प्रसन्ना म्हणायचा. अम्मा म्हणायच्या, "टिकल्या लावल्यापासून मी त्याला हात लावत नाही, बाई."

शेवटी मी डब्याशेजारी पाटीच लावली. "मोनोचं बटण दाबू नये. दाबल्यास कारण सांगावे. कारण ऐकून घेतले जाणार नाही." प्रसन्ना पोट धरून हसला. पुढच्या शनिवारी बटण दाबलेलंच.

आणि दुसरा वैताग म्हणजे तंबोरा. तो दर आठवड्याला मोठाच होत चालला होता. "प्रसन्ना, अरे हा तंबोरा आहे की मिक्सर? अक्काला झाकतोय तो!" मी सांगून थकले. हा आपला ढिम्म. "असू दे. मला आवडतो."

एका शनिवारी मेट्रोत बसायला जागा मिळाली त्या आनंदात लवकर पोचले. अम्मा देवपूजेत होत्या, मी सरळ जिना चढले. वरच्या पायरीवरूनच दिसलं. प्रसन्नानं भजन लावून ठेवलं, मोनोचं बटण दाबलं, हेडफोन खुर्चीच्या हातावर ठेवले. मग गॅलरीत जाऊन मोठ्यानं म्हणाला, "मी बाजारात जाऊन येतो!" आणि मागच्या जिन्यानं गेला.

थोड्या वेळानं त्याच मागच्या जिन्यानं अण्णा वर आले. हातात फडका. टेबल पुसलं, ते स्वच्छच होतं. इकडे तिकडे बघितलं. खुर्चीत बसले, हेडफोन घातले, डोळे मिटले. मांडीवर बोटांनी ताल धरला. तंबोरा, पेटी, अक्का, सगळं त्या एका उजव्या कानात येत असणार. अण्णा हसत होते.

मी आल्या पावली खाली गेले. अम्मांकडे कॉफी मागितली आणि ती गार होईपर्यंत प्यायले नाही. नंतर वर जाऊन पाटी काढून टाकली. मोनो कोणी दाबलं, हे पुन्हा विचारलं नाही.

*

अण्णांना वळवलं कोणी? डॉक्टरनं नाही, मुलानं नाही. सुधाअक्कानं!

शेवटचं भजन राहिलं होतं. त्याचा ताल अवघड, म्हणून अण्णांना वर यावंच लागलं. अक्का आनेकलच्या बसनं आली. अम्मांनी तिच्या कानावर सगळं घातलेलंच होतं. ती गाद्यांच्या खोलीत गेली, दार लावलं, हेडफोन घातले आणि गप्प बसली. संगीत सुरू झालं, संपलं. अक्का गाईना.

अण्णांनी टॉकबॅक दाबलं. "सुधा, गा."

स्पीकरमधून उत्तर आलं, "आधी कान."

"कसला कान? गा तू."

"तू कान दाखव, मी गळा दाखवते."

"मी मोठा आहे तुझ्यापेक्षा!"

"म्हणूनच तुझा आधी गेला."

मी आणि प्रसन्ना भिंतीकडे तोंड करून उभे. हसलो असतो तर मेलोच असतो. अण्णांनी बटण सोडलं. पुन्हा दाबलं. "आनेकलची बस चुकेल तुझी."

"चुकू दे. इथंच राहीन. गाद्या आहेत भिंतीला."

अण्णांचं बोट बटणावर बराच वेळ राहिलं. अम्मांनी जवळ येऊन डब्यावर पदर टाकला आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्या अण्णांच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या.

अण्णा उठले. "पुणे," म्हणाले, "ऑटो बोलव."

डॉक्टर म्हणाले, कान अगदी गेलेला नाही, यंत्र लावलं तर भागेल. यंत्र आलं. गुरुवारी भजनात सगळे त्यांच्या कानाकडे बघायला लागले तर अण्णा म्हणाले, "ब्लूटूथ आहे. आपल्या ह्या 'पुणे'च्या ऑफिसात सगळ्यांना देतात."

*

आणि हा शेवटचा.

शेवटचं भजन झालं. अक्का गायली, काय गायली! सगळं तयार झालं आणि त्या शनिवारी अण्णा फडका न घेता, समोरच्या जिन्यानं वर आले. अम्मा, अक्का, मी, सगळ्याजणी होतो. प्रसन्नानं खिडक्या लावल्या. मोठे स्पीकर, मधे खुर्ची, खुर्चीत अण्णा.

प्रसन्नाचा हात सवयीनं डब्याकडे गेला आणि त्यानं मोनोचं बटण दाबलं. अण्णा त्या बोटाकडे बघत होते. त्यांनी स्वतःचा हात पुढे केला, टिकल्यांमधून ते बटण बरोबर शोधलं आणि सोडवलं.

भजन सुरू झालं. अण्णांची मान हळूहळू डावीकडे वळली, तंबोऱ्याच्या बाजूला, आणि गाणं संपेपर्यंत तशीच राहिली. अम्मांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटचा सूर विरला.

"प्रसन्ना," अण्णा म्हणाले.

"हं, अण्णा."

"एवढा मोठा तंबोरा कोणासाठी लावलास? कोणी बहिरा आहे का इथं?"

प्रसन्नानं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. "नाही, अण्णा. कोणी नाही," म्हणाला. आणि माझ्या सांगण्यानं इतके दिवस केसभर न हललेला तो तंबोरा त्यानं खाली आणला.

"अजून स्वल्प."

आणला.

"सरी," अण्णा म्हणाले. "आता पुन्हा पहिल्यापासून लाव."